पाळी सोडण्याआधी मुलं मोजा : निरीक्षणगृहातील (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात त्या गृहातील) सर्व कर्मचाऱ्यांसाठी

गृहपिता, काळजीवाहक आणि समुपदेशक, सर्वांना नमस्कार.

मंगळवारी रात्री बदलीचा माणूस यायच्या आधीच संध्याकाळची पाळी निघून गेली. दोन दालनांना मिळून एकच काळजीवाहक उरला. दोनच्या सुमारास खालच्या दालनातला एक मुलगा पोट धरून जाळीपाशी उभा राहून हाका मारत होता. वरचं भांडण सोडवून खाली यायला वीस मिनिटं लागली. मुलगा आता बरा आहे, पण ती वीस मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

यापुढे पुढचा माणूस हजर होऊन, दोघांनी मिळून मुलं मोजून नोंदवहीत सह्या केल्याशिवाय कोणीही पाळी सोडायची नाही. रजा हवी असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत मला फोन करा, ग्रुपवर नुसता निरोप नको. माणूस कमी पडला तर रात्री मी स्वतः येईन.

मोठ्या मुलाच्या हाती दालन सोपवून वेळ मारून नेणं पूर्ण बंद. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४७ मध्ये वयानुसार मुलं वेगळी ठेवायला सांगितलंय. लहानग्यांना त्रास होतो तो अशाच बिनपहाऱ्याच्या वेळी.

कितीही थकलात तरी हात उचलायचा नाही. कर्मचाऱ्याने क्रूरपणे वागवलं तर याच कायद्याच्या कलम ७५ खाली ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड आहे. मुलांची नावं, फोटो ग्रुपवर टाकू नका. कलम ७४ ची मनाई आहे.

शनिवारी चार वाजता कार्यालयात पाळ्यांचं वेळापत्रक एकत्र बसून ठरवू. अडचणी मोकळेपणी सांगा.

– अधीक्षक