मतदाराला देवाची शपथ घालणं थांबवा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

धर्म आन राजकारण यावर पेपरात लय लेख येतात, पण त्यात सगळं मोठमोठ्या नेत्यांचं आन सुप्रीम कोर्टाचं असतं. खेड्यातल्या निवडणुकीत धर्म कसा शिरतो ते कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या इकडं ग्रामपंचायतीचं नाहीतर झेडपीचं मतदान आलं की आदल्या रात्री घरोघर माणसं फिरतात, पाकीट देतात, साडी देतात, ते सगळ्यांनाच माहीत आहे. पण पैसे घेऊनही बाई आत जाऊन कोणतं बटण दाबेल याची त्यांना गॅरंटी नसते ना, मग तिला देवळात नेतात, बेलभंडार उचलायला लावतात, नारळावर हात ठेवून म्हणायला लावतात की मत अमक्यालाच देईन. काही ठिकाणी तर लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावतात. आणि हे एकाच धर्मात होतं असं नाही, ज्या वस्तीत जो देव तिथं त्याची शपथ. एकदा शपथ झाली की मत गुप्त राहून उपयोग काय? उमेदवाराला कळणार नाही, पण देवाला तर कळते, हे त्या बाईच्या मनात पक्कं बसतं.

माझ्या ओळखीच्या एका बाईनं शपथ एकाची घेतली आन मत मनाला पटलं त्याला दिलं. पुढं 2023 च्या खरिपात सोयाबीनवर येलो मोझॅक आला. पांढऱ्या माशीनं पसरणारा व्हायरस तो, विदर्भात कितीतरी तालुक्यात शेतं पिवळी पडली, शपथ पाळणाऱ्यांचीही पडली अन ज्यांना कोणी शपथ घातलीच नव्हती त्यांचीही, पण ही बाई एकच म्हणे, "माह्याच पापानं झालं वं माय." नवऱ्यालाही सांगायची चोरी. वर्षभर ती त्या देवळाच्या पायरीवर गेली नाही. जिथं माणसानं मन मोकळं करायला जायचं ती जागाच तिला भीतीची झाली, याचा मला जास्त राग आहे.

हे कायद्याला माहीत नाही असं नाही. इंग्रजांच्या राज्यात 1920 साली दंड संहितेत निवडणुकीच्या गुन्ह्यांचं प्रकरण घातलं, त्यातच लिहिलंय की मतदाराला देवाचा कोप होईल असं भासवणं म्हणजे त्याच्या हक्कात ढवळाढवळ. मग 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम 123 मध्ये तेच आलं, आन आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 171 मध्येही आहे, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणजे शंभर वर्षांवर झाली कायद्याला. पण तक्रार करणार कोण? पाकीट घेणाराही कायद्यानं गुन्हेगारच ठरतो, त्यामुळं बाई गप्प बसते.

मी स्वतः देव मानणारी आहे, तिवसा तालुक्यातली, तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या सामुदायिक प्रार्थनेत वाढलेली. धर्मानं राजकारणाकडं बघूच नये असं मी कधीच म्हणणार नाही. 1942 ला नागपंचमीच्या दिवशी चिमूर इंग्रजांविरुद्ध पेटलं तेव्हा लोकांच्या तोंडी तुकडोजी महाराजांची भजनं होती, महाराजांना सरकारनं तुरुंगात टाकलं. त्या भजनानं साधी माणसं बंदुकीला भ्यायची थांबली. तेही धर्माचंच काम होतं, आन बेलभंडार उचलायला लावणारा त्याच्या बरोबर उलटं करतो, घाबरलेल्या बाईला अजून घाबरवतो.

संविधान सभेतही हा विषय निघाला होता. 17 ऑक्टोबर 1949 ला ह. वि. कामत यांनी, ते आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडाचे सदस्य, उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावानं व्हावी अशी सूचना मांडली. हृदयनाथ कुंझरू यांनी विरोध केला, की श्रद्धा ज्याची त्याची असते, ती सगळ्यांवर लादता येत नाही. मतदान झालं, 41 बाजूनं आन 68 विरुद्ध. पण म्हणून देवाला संविधानातून काढलं असंही नाही. आमदार, खासदार, मंत्री आजही ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतात, ज्याला नको तो गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो. बघा, शपथ कोणावर आहे? ज्याच्या हाती सत्ता जाते त्याच्यावर. मतदाराला कुठंच शपथ नाही, त्याला फक्त पडदा दिलाय. आमच्या गावात सगळं उलटं चालतं, मत मागणारा मोकळा आन मत देणारी शपथेत बांधलेली.

सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांच्या खंडपीठानं 2017 मध्ये चार विरुद्ध तीन असा निकाल दिला की मतदाराच्या धर्माच्या नावानंही मत मागता येणार नाही. तीन न्यायाधीशांचं वेगळं मत होतं, की धर्म-जातीमुळं ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना तो निवडणुकीत बोलून दाखवता आला पाहिजे. मला त्यांचंही पटतं. बोलू द्या की, भर सभेत बोलू द्या, दुसऱ्याला उत्तर देता येतं. रात्रीच्या शपथेला उत्तर कोण देणार? आणि 2021 ला नाशिकचं उमराणे आन नंदुरबारचं खोंडामळी इथं मंदिराच्या नावानं सरपंचपदाची बोली लागली म्हणून निवडणूक आयोगानं निवडणूकच रद्द केली. म्हणजे ठरवलं तर जमते.

माझी मागणी साधी आहे. मतदानाच्या चिठ्ठ्या वाटायला माणूस घरोघर येतोच, त्याच चिठ्ठीवर दोन ओळी छापा, की मतासाठी शपथ घालणं गुन्हा आहे आन तुमचं मत कोणालाच कळत नाही. ग्रामसभेत तलाठ्यानं नाहीतर ग्रामसेवकानं हे वाचून दाखवावं. पण कायद्यापेक्षा जास्त काम कीर्तनकार, भजनी मंडळं, मौलाना, भंते करू शकतात कारण बाया त्यांचं ऐकतात. सप्ताहात एकदा तरी गादीवरून स्पष्ट सांगा की दबाव टाकून घेतलेली शपथ मोडली तर पाप लागत नाही, लागलंच तर घ्यायला लावणाऱ्याला लागते.

पत्र जमलं तर आचारसंहिता लागायच्या आत छापा, त्यानंतर गावात कोणी कोणाचं ऐकत नाही.

आपली,
एक शेतकरी वाचक
ता. तिवसा, जि. अमरावती