वॉर्डाच्या दारावर रात्रीचा आकडा लिहा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांमधे एका गृहस्थांनी लिहिलंय की सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर रात्री मोबाईल बघत बसतात, हाक मारली तर वसकन अंगावर येतात अन् पेशंटकडं कुणी फिरकत नाही. त्यांच्या आईचे हाल झाले असतील तर त्यांचा राग खरा आहे, त्यावर मी काही बोलणार नाही. पण त्या रात्री त्या वॉर्डात पेशंट किती होते अन् सिस्टर किती होत्या हे त्या पत्रात कुठंच नव्हतं. माझं सगळं म्हणणं त्या दोन आकड्यांचंच आहे म्हणून लिहायलेय.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आमची नाईट रात्री आठ ते सकाळी आठ. पावसाळ्यात तापाची साथ असली की मेल वॉर्ड फिमेल वॉर्ड मिळून तीस-पस्तीस पेशंट अन् मी एकटी, सोबत एक मामा (वॉर्डबॉय) एक मावशी (आया), अशा रात्री आमच्यातल्या प्रत्येकीच्या वाट्याला येतात. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष काय आहे तर साध्या रुग्णालयात पाच पेशंटमागं एक नर्स, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तिघांमागं एक अन् आयसीयूत एकास एक. आता तुम्हीच हिशोब करा, रात्री दहाचं इंजेक्शन आहे, एका पेशंटला पाच मिनिटं धरा, कारण नाव विचारायचं, केसपेपर बघायचा, शीर बघायची, औषध भरायचं, द्यायचं, लिहायचं. तीस जणांचे अडीच तास झाले. म्हणजे शेवटच्या कॉटवरच्या आजीला दहाचं इंजेक्शन साडेबाराला मिळणार अन् तेही मधे कुणी नवीन आलं नाही तर. ती आजी तोवर चार हाका मारणारच की, अन् तिचा मुलगा चिडणारच.

अन् मधे नवीन येतंच. जून-जुलैत सोयाबीनची पेरणी खुरपणी सुरू झाली की साप चावलेले यायला लागतात, पुढं रब्बीत रात्रीच्या लाईटवर पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलेले येतात. सोबत जीप भरून माणसं. काहींना आधी देवळात नेऊन मग इकडं आणलेलं असतं. घोणस चावली तर रक्त गोठायचं बंद होतं, ते तपासायला दोन एमएल रक्त कोरड्या स्वच्छ काचेच्या ट्यूबमधे घेतात अन् ती ट्यूब वीस मिनिटं जागची हलवायची नाही, हलवली की टेस्ट वाया गेली. वीस मिनिटांनी तिरपी करून बघायची, रक्त पातळच असलं तर विष भिनलंय. आता ही वीस मिनिटं बाहेरच्या माणसाला कशी दिसतात बघा, त्यांचा माणूस तडफडायलाय अन् सिस्टर नुसती ट्यूबकडं अन् घड्याळाकडं बघायलीय. खरं तर तेवढ्यात बीपी घेणं, सलाईन लावणं, सूज कुठवर चढली त्याची पेनानं खूण करणं सगळं चालू असतं, पण लोकांच्या डोळ्यात ती ट्यूबच राहते अन् शिव्या तिथूनच सुरू होतात.

मग डॉक्टर एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध सांगतात, दहा व्हायल, म्हणजे दहा छोट्या बाटल्या. आमच्याकडं येते ती पावडर असते. एकेका व्हायलमधे दहा एमएल पाणी सोडायचं अन् तळव्यात धरून हळूहळू फिरवत विरघळवायची, घाईनं जोरात हलवली की फेस होतो. अशा दहा. ते सगळं सलाईनमधे घालून तासाभरात द्यायचं अन् सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं तर पेशंटजवळून पाऊल हलवायचं नाही कारण अंगावर पित्त उठणं, थंडी वाजणं, बीपी पडणं हे बहुतेक तेव्हाच होतं, त्यावर द्यायचं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन भरून जवळ ठेवावं लागतं. नेमकं तेव्हाच वॉर्डातून हाक येते सिस्टर सलाईन संपलं, सिस्टर बाळ दूध पिईना, सिस्टर यांना दम लागलाय. मी तिथून ओरडून सांगते की येते थांबा. त्या गृहस्थांना वसकन वाटलेलं ते हेच असेल कदाचित.

मण्यार चावलेला असला तर अजून अवघड. जमिनीवर झोपलेला माणूस, चावल्याची खूण धड दिसत नाही, पहाटे पोट दुखतंय म्हणून आणतात, पापण्या मिटायला लागलेल्या असतात अन् नातेवाईक म्हणतात झोपू द्या हो सिस्टर रातभर तळमळलाय. ती झोप नसते, विषानं पापण्या जड झालेल्या असतात अन् पुढं श्वासाचे स्नायूसुद्धा तसेच थकत जातात, म्हणून त्याला सारखं उठवून मान उचलायला लावायची, एका दमात आकडे म्हणायला लावायचे, आकडे कमी कमी व्हायला लागले की डॉक्टरांना बोलवून मोठ्या दवाखान्यात रेफर करायची तयारी. बघणाऱ्याला वाटतं बाई आजारी माणसाला छळायलीय.

पण घोणसवाल्याची ट्यूब सहा तासांनी परत लावतात, अन् पहाटे ती तिरपी केल्यावर रक्त घट्ट बसलेलं दिसलं ना, की मी मामाला उठवून दाखवते. त्या वेळेला पायाचं दुखणं, भूक, रात्री खाल्लेल्या शिव्या, काही म्हणजे काही आठवत नाही. ज्यानं शिव्या दिलेल्या असतात त्यालाच पहिल्यांदा जाऊन सांगते की तुमच्या भावाचं रक्त गोठायला लागलं, आता चहा घेऊन या.

मोबाईलचं म्हणाल तर तो हातात असतोच. ईसीजीचा फोटो फिजिशियनला व्हॉट्सॲपवर जातो, १०८ ला फोन लावायचा असतो, ब्लड बँकेला विचारायचं असतं. पाचशे एमएल सलाईन आठ तासांत द्यायचं तर एमएलला वीस थेंबांच्या सेटवर मिनिटाला एकवीस थेंब, ते मोजायला मोबाईलमधलं सेकंदाचं घड्याळ लागतं. अन् माझं लेकरू घरी तापानं फणफणलेलं असलं तर मी घरीही फोन करते, त्यात लपवण्यासारखं काय आहे.

एक अजून सांगते, कारण लोकांना वाटतं सरकारी सिस्टरला पेशंटचं काही पडलेलं नसतं. दिवाळीच्या आधी आमच्याकडं ऊसतोडीला निघालेल्या बाया येतात, दोन दिवसांत टोळीची गाडी निघणार असते. अशीच एक आली, पाच महिन्यांची पोटुशी, हिमोग्लोबिन सहा. एवढ्या कमी रक्तावर कोयता अन् डोक्यावर मोळ्या. नवरा म्हणाला मजुरीची आगाऊ उचल घेतलीय, फिटल्याशिवाय थांबता येत नाही, अन् तो खोटं बोलत नव्हता. मी सासूशी बोलले, दुपारभर बोलले, रक्त वाढायला आयर्न सुक्रोजची सलाईन एक दिवसाआड लावावी लागते ते समजावलं, शेवटी टोळी पुढं गेली अन् सून सासूसोबत मागं राहिली, तेवढी सलाईन घेऊन मगच गेली. जाताना तिला बजावलं की हे कार्ड हरवू नको, जिथं कारखाना तिथल्या दवाखान्यात दाखव. गुढीपाडव्यानंतर ती पोरगी घेऊन आली, म्हणाली माय हे बघ तुझं लेकरू. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं, त्यावर बाळंतपणाची नोंद, जन्माच्या वेळची लस, दीड महिन्याची लस, सगळं दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुठल्या तरी नर्सबाईच्या अक्षरात. त्या बाईला मी कधी बघितलं नाही पण तिनंही माझं लिहिलेलं हिमोग्लोबिन वाचूनच रक्ताची सोय आधी करून ठेवली होती असं ही सांगत होती. २०१९ मधे बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. अंगावरून जातंय म्हणून आलेल्या बाईजवळ अर्धा तास बसून पिशवी काढायची गरज नाही हे सांगणारं कुणीतरी लागतं, अन् तो अर्धा तास तीस पेशंटच्या रात्री येत नाही.

मारहाणीचं थोडक्यात सांगते. २०१० चा राज्याचा कायदा आहे, दवाखान्यात हिंसा केली तर तीन वर्षांपर्यंत कैद अन् पन्नास हजारांपर्यंत दंड, त्यात नर्सही येते. दारावर त्याचा बोर्ड आहे. पण रात्री दोनला वीस माणसं वॉर्डात घुसतात तेव्हा तो बोर्ड कुणी वाचत नाही. खाजगीतल्या पोरींची तर अजून वाईट गत. सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीनं २०१६ मधे सांगितलं की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या दवाखान्यातसुद्धा नर्सला महिना वीस हजारांच्या खाली पगार नको, अन् माझ्यासोबत शिकलेल्या पोरी तालुक्याच्या गावी आजही त्याच्या लई खाली राबायलेत, त्यांना तर आवाजही काढता येत नाही.

माझी मागणी एकच आहे. प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या प्रत्येक वॉर्डाच्या दारावर एक फळा लावा अन् रोज रात्री आठला त्यावर चार गोष्टी लिहा, आजची तारीख, दाखल पेशंट किती, ड्युटीवर नर्स किती, निकषाप्रमाणं पाहिजेत किती. याला खडू सोडून कसलाही खर्च नाही. वरच्या साहेबांना हे आवडणार नाही हे मला माहीत आहे कारण मग लोक सिस्टरला न विचारता सिव्हिल सर्जनला विचारतील, आमदाराला विचारतील की बाबा सहा पाहिजे तिथं एक कशी. विचारू द्या ना. त्या गृहस्थांना माझी हात जोडून विनंती आहे की पुढच्या वेळी तक्रार करताना हा आकडाही विचारून लिहा, तुमची तक्रार तिथूनच पुढं जाईल.

अन् संपादक साहेब, तुम्ही दरवर्षी १२ मे ला परिचारिका दिनाचे आमचे दिवे लावलेले फोटो छापता, आम्हाला बरं वाटतं, घरी कात्रण ठेवतो. येत्या १२ मे ला त्या फोटोच्या जागी मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांत नर्सच्या मंजूर जागा किती अन् भरलेल्या किती ते छापाल का? माहिती अधिकारात मागितली तर मिळेल, अर्ज कुणी करायचा म्हणाल तर आमच्यातल्या दोघीतिघी करायला तयार आहेत.

आपली,
एक परिचारिका, जि. लातूर
(कृपया नाव छापू नये)