मंत्रिमहोदय, आमची पत्र्याची शेड कुठे आहे?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत आपण आमच्या तालुक्यात कार्यक्रमाला आला होतात. स्वागतगीत झाल्यावर सातवीतली एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, "आम्ही पुठ्ठा गोळा केला तर तो कारखान्यात कोण नेणार?" आपण तिला जवळ बोलावलंत, डोक्यावर हात ठेवलात आणि माईकवरून म्हणालात, "पावसाच्या आधी तुमच्या गावाला पत्र्याची शेड मिळेल, महिन्यातून एकदा टेम्पो येईल." मंडपात टाळ्या पडल्या. ती मुलगी माझी. आता पाऊस जोरात आहे आणि शेडचा खांबही उभा नाही.

तिने तो प्रश्न का विचारला ते सांगते. जानेवारीत शाळेची क्षेत्रभेट गेली होती. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितलेत, त्यातला तो एक. शाळा व्यवस्थापन समितीवर असल्याने मीही एसटीत बसले. रद्दीपासून पुठ्ठा करणारा कारखाना, दोन तासांच्या वाटेवर. आम्ही देवगडचे बागायतदार, पुठ्ठ्याचे बॉक्स दरवर्षी शेकड्यांनी घेतो; पण चाळिशी उलटेपर्यंत पुठ्ठा होतो कसा ते मी पाहिलं नव्हतं.

मोठ्या हौदात पाती फिरत होती, वरून खोके, वह्या, वर्तमानपत्रं पडत होती आणि घुसळून त्यांचा राखाडी लगदा होत होता. हौदातून एक जाड, काळा, चिखलाळ दोर हळूहळू वर ओढला जात होता. मुलांना वाटलं जनावरच निघालं. कामगार म्हणाला, हे रद्दीबरोबर आलेलं प्लास्टिक आणि तारा, एकमेकांत गुंतून असा दोर वळला जातो. पुढे लगदा जाळीवर पसरतो, पाणी गळतं, रोलर त्याला दाबतात आणि वाफेवर तापलेल्या सिलिंडरांवरून फिरून कागद बाहेर येतो. त्याचा एक तुकडा मुलांच्या हातात दिला. गरम होता. माझ्या मुलीने तो गालाला लावला.

तिथल्या सुपरवायझरांनी सांगितलं की कागदाचा तंतू पाच-सात वेळा पुन्हा वापरता येतो, दर खेपेला आखूड होत जातो. त्यांची रद्दी घाटावरून येते, हेही त्यांनीच सांगितलं. कोकणातली का नाही? ती भिजून येते. ओल्या रद्दीचं वजन कापावं लागतं आणि कुजलेली ते घेतच नाहीत. म्हणजे आम्ही आमचा पुठ्ठा जाळायचा आणि दोन तासांवरच्या कारखान्याने तो घाटापलीकडून आणायचा. मुलांना हे एका दिवसात कळलं, साहेब. कोरडं छप्पर मिळालं की काम झालं, हे सातवीच्या पोरीला कळलं.

आपल्या शब्दावर मुलं कामाला लागली. दुकानांतले खोके, लग्नघरातले, चाकरमान्यांच्या टीव्हीचे. चिकटपट्टी सोलायची, पिना उपटायच्या, सुतळीने बांधायचं, माझ्या आंब्याच्या काट्यावर तोलायचं. वहीत हिशेब आहे: ६१ गठ्ठे, ६३८ किलो. शेवटचा रकाना "टेम्पो आल्याची तारीख". तो कोरा आहे.

ठेवायला मी माझी पडवी दिली, ऐन हंगामात. माझे आंब्याचे बॉक्स बाहेर ताडपत्रीखाली गेले. एप्रिलमध्ये गठ्ठ्यांना वाळवी लागली. एक गठ्ठा उचलला तर खालून फुरसं निघालं, सासूबाईंच्या पायापासून वीतभर. त्या रात्री घरात कुणाला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सगळे गठ्ठे झाडून पुन्हा रचले, कारण पोरांना काय सांगणार? शेडची चौकशी करायला तीनदा तालुक्याला गेले, दोनदा जिल्ह्याला. दर वेळी कामाचा एक दिवस बुडाला, गड्याची मजुरी वाया गेली. फाइल वर आहे, साहेब मीटिंगला आहेत. एका टेबलावर मला सांगितलं, "भंगारवाल्याला देऊन टाका." भंगारवाला आमच्याकडे लोखंड नेतो, पुठ्ठा परवडत नाही म्हणतो. हे त्या टेबलाला ठाऊक नाही.

यंदा, २०२५ ला, मॉन्सून २५ मेलाच देवगडपर्यंत आला. त्याआधीच वळवाने झोडपलं होतं. ताडपत्री फाटली, माझे ९० कोरे बॉक्स फुगले, आणि पडवीत पावसाची झड आत आली. कारखान्यात पाहिला तसाच राखाडी लगदा माझ्या दारात पडला. मुलगी त्यात हात घालून विचारत होती, "आये, सुकतला काय गे?" तीन दिवस ऊन पडलं नाही. शेवटी बागेत खड्डा खणून सगळं पुरलं.

पैसा नाही असं सांगू नका. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत तरतूद आहे. डझनाचा छापील बॉक्स मला यंदा ४२ रुपयांना पडला. म्हणजे माणसामागे पुरता दीड बॉक्सही नाही. आमच्या चौदाशे वस्तीचे ८४ हजार होतात. तेवढ्यात शेड, काटा आणि टेम्पो बसवून दाखवा, आणि तेही कुठे अडलेत ते सांगा.

कोकणाला द्यायचं म्हटलं की सरकारला मोठंच सुचतं. २०२३ ला बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासायची होती, तर केवढा पोलीस बंदोबस्त आला! तेव्हा फाइल कुठल्या टेबलावर अडली नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, अजून संपत नाही. आम्हाला नको ते नको म्हटलं की आम्ही विकासाचे विरोधक ठरतो. आणि हवं ते मागितलं, दहा बाय वीसचं छप्पर मागितलं, तर रद्दीसाठी एवढी धावपळ कशाला, असं ऐकायचं. हे माझ्या एकटीच्या गावाचं नाही. सगळ्या किनारपट्टीवर संध्याकाळी धूर दिसतो, तो आपल्या गाडीच्या काचेतूनही दिसत असेल.

ऑक्टोबरच्या आधी शेड द्या. ऑक्टोबर ते मे महिन्यातून एकदा टेम्पो द्या. आणि तारीख लेखी द्या, माईकवरून नको.

मुलगी आता हायस्कूलला जाते. तिची वही शाळेतल्या धाकट्या मुलांकडे आहे. आज सकाळी त्यातली दोघं छत्रीखाली पुठ्ठे घेऊन आली. मी त्यांना दारातूनच परत पाठवलं.

आपली,
एक आंबा बागायतदार, देवगड तालुका