तळघरातल्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सा. न. वि. वि.

तुम्ही आमच्या अण्णांना कधी पाहिलेलं नाही. त्यांच्या गालाचा नि फुप्फुसाचा तुकडा तेवढा तुमच्या मायक्रोस्कोपखाली होता.

तंबाखूची गोळी ठेवायची तिथेच, डाव्या गालात, जखम उठली. पेट स्कॅनमध्ये फुप्फुसातही ठिपका निघाला. आधीच्या डॉक्टरांनी फाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "पसरलाय. चौथी स्टेज." त्याच रात्री थोरल्याने घरात वाटणीचा विषय काढला. (आता तो विषय निघाला की तोच उठून गोठ्यात जातो.)

फुप्फुसाची बायोप्सी तुमच्याकडे आली. 'कॅन्सर आहे' एवढं लिहून तुम्हाला मोकळं होता आलं असतं. तुम्ही मात्र गावाकडच्या लॅबमधले गालाच्या तुकड्याचे मेणात बसवलेले ब्लॉक मागवलेत. एप्रिलच्या उन्हात मी ते एसटीने आणले, मेण वितळेल म्हणून डबा ओल्या पंचात गुंडाळून. तुमचा टेक्निशियन पोट धरून हसला.

मग तुम्ही स्वतः फोन केलात. गालातला कॅन्सर फुप्फुसात गेला तरी तो गालाचाच राहतो, हे मला तेव्हा कळलं. गालाच्या पेशी खवल्यासारख्या, त्यांनी पी-४० हा अशा पेशींची ओळख सांगणारा रंग धरला. फुप्फुसाच्या पेशी ग्रंथींच्या. त्यांनी पी-४० सोडला नि टीटीएफ-१, म्हणजे फुप्फुसाच्या पेशींची ओळख सांगणारा रंग, धरला. म्हणजे ती गाठ तिथलीच. दोन कॅन्सर वेगळे ठरवायच्या, वॉरेन आणि गेट्स या डॉक्टरांच्या १९३२ पासूनच्या अटीही सांगितल्यात: दोन्ही गाठी कॅन्सरच्या हव्यात, वेगवेगळ्या हव्यात आणि एक दुसरीतून आलेली नसावी. सगळं अडतं ते तिसरीवर, म्हणालात. तंबाखू नि बिडीने तोंडापासून फुप्फुसापर्यंतचं अस्तरच पोळलेलं असतं, म्हणून अशा पेशंटमध्ये दुसरा कॅन्सर निघू शकतो, हेही.

एका माणसाला दोन कॅन्सर, आणि आईने देवापुढे साखर ठेवली! शेजारणीला ते कसं समजावणार? पण पसरलेला एक म्हणजे चौथी स्टेज. वेगळे दोन, तेही लहान, म्हणजे दोन ऑपरेशनं. आधी गालाचं झालं, मग फुप्फुसाचा एक भाग काढला.

अण्णांचं बोलणं थोडं जड झालंय, भाकरी दुधात कुस्करून खातात. तंबाखू सुटली, चुन्याची डबी मात्र अजून खिशात असते, रिकामी.

रिपोर्टखालची तुमची सही आम्हा कुणालाच वाचता आली नाही. पुढच्या महिन्यात तपासणीला येऊ, तेव्हा ब्लॉक परत न्यायला तळघरात उतरेन. अण्णाही येणार म्हणतात, जिना असला तरी.

आपला,
अण्णांचा धाकटा