दाखल-खारीज रजिस्टरच इतिहासाचं साधन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नववीच्या इतिहासात साधनांची व्याख्या पाठ होते, पण साधन हाती पडत नाही. खेड्यातल्या जुन्या शाळेत ते कपाटातच असते: दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे पोरांची नावे दाखल केल्याची आणि कमी केल्याची नोंदवही.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने 1950 ते 1956 मधले एक पान घ्यावे. नाव आणि जातीचा रकाना कागदाने झाकून झेरॉक्स काढावी; हे विसरले तर तासभर गावकीच चालते! चार-पाच पोरांत एक प्रत पुरे. आधी दहा मिनिटे फक्त दिसते ते लिहायचे, अर्थ नंतर.

मुले हमखास अडखळतात ती दोन ठिकाणी. एक, ‘मध्यप्रदेश’ हा शब्द. मास्तर चुकले, असे पोरे म्हणतात. उत्तर लगेच सांगू नये, नकाशा द्यावा. 1956 पर्यंत विदर्भ मध्यप्रदेशातच होता आणि राजधानी नागपूर. दोन, जन्मतारखा. अर्धा वर्ग 1 जून किंवा 1 जुलैला जन्मलेला दिसला, तर तारीख दाखल करताना अंदाजे टाकलेली असावी. म्हणजे हे पान जन्माचा कच्चा पुरावा, प्रवेशाचा पक्का.

‘सतत गैरहजर’ शेऱ्यावरून ‘कापूस वेचायला गेला’ असा निष्कर्ष पोरे झटकन काढतात. पण शेऱ्यासोबतची तारीख नाव कमी केल्याची. पोरगा शाळेतून सुटला कधी, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी हजेरीपत्रक किंवा गावातले म्हातारे गाठावे लागतात.

एका पानाला दोन तासिका लागतात. घटक चाचणीतले पाच गुण यालाच द्यावेत.

आपले,
काही इतिहास शिक्षक, जि. यवतमाळ