श्रावणातली उन्हाळी

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी वॉर्डात येऊन गेले, तेव्हा तुमची बदली झाल्याचं कळलं. कुठं झाली, ते नव्या सिस्टरना सांगता येईना. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहितेय, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल. मी बेड नंबर चार. गेल्या वर्षी श्रावणात हुडहुडी भरून आलेली भाजीवाली.

त्याआधी आठवडाभर मी घरात "उन्हाळी लागलीय" एवढंच म्हणत होते. सारखी लागायची, आणि बसलं की चार थेंब, तेही आग होत. सासूबाईंनी धन्या-जिऱ्याचं पाणी करून दिलं. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, उरलेल्या डब्यात ठेवून दिल्या. वर्षात हे तिसऱ्यांदा होत होतं. मग सोमवारी उपवास सोडला त्या रात्री थंडी वाजून ताप चढला, उलट्या झाल्या, आणि उजव्या बाजूला, पाठीत बरगडी संपते तिथं, असा ठणका लागला की कूस बदलता येईना. डॉक्टरांनी तिथं हलकी थाप मारली तशी मी कळवळले. तुम्ही कपाळावर हात ठेवून म्हणालात, "श्रावणात कसली ओ उन्हाळी, ताई?"

पुढचा प्रश्न तुम्ही विचारलात, त्यासाठी हे पत्र आहे. "बाजारात बसता तेव्हा लघवीला कुठं जाता?"

मी गप्प. मालक शेजारीच उभे होते. तुम्ही त्यांना केसपेपर देऊन खाली पाठवलंत, पडदा ओढलात आणि तेच पुन्हा विचारलंत. मग मी सांगितलं. पहाटे पाचला माल उतरतो, तीनला पाटी उचलते. जायला जागा नाही, असली तरी माल कुणावर टाकून जायचं? म्हणून जात नाही. आणि जावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाही. बारा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मीही कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत. पाण्याचा तांब्या हातात दिलात.

इंजेक्शन सुरू करायच्या आधी तुम्ही मला धरून बाथरूमपर्यंत नेलंत. पहिली धार सोडून द्यायची, मधली बाटलीत घ्यायची, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. औषध आधी गेलं तर जंतू कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, नीट सापडत नाहीत, हे तेव्हा कळलं. त्याआधी मी अंदाजानंच गोळ्या खाल्ल्या होत्या.

त्या रात्री ताप उतरल्यावर तुम्ही सलाईनचा वेग कमी केलात. म्हणालात, "मोजा. वीस थेंब म्हणजे साधारण एक मिली. दोन्ही किडन्यांतून मिळून पोटातल्या लघवीच्या पिशवीत मिनिटाला जवळजवळ एवढीच लघवी उतरते. दिवसरात्र, तुम्ही झोपलात तरी." मी मोजत राहिले. पैशांचा हिशेब रोजचाच, तो मला लगेच जमला. तासाला साठ मिली. पाच ते तीन, दहा तास, सहाशे. आणि पिशवी चारशे-पाचशेला गच्च भरते, दीडशे-दोनशेलाच जाणीव करून देते, असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे मी रोज तिची हाक दाबत होते. पाणी तोडल्यामुळं लघवी कमी आणि गडद व्हायची एवढंच, पण ती तासन्‌तास साचून राहायची. लघवी धारेनं बाहेर पडते तेव्हा खालून शिरलेले जंतू धुऊन नेते. धुणंच बंद केलं, तर ते तळ ठोकणारच.

मग तुम्ही केसपेपरच्या मागं चित्र काढलंत. "घेवडा विकता ना? त्याच्या दाण्यासारखा आकार." आमच्या साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा मी ओंजळीनं विकते, त्यामुळं ते चित्र डोक्यात पक्कं बसलं. एकेक किडनी मुठीएवढी, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माझ्या काट्यावर एक मोठा बटाटा. उजवी जराशी खाली, कारण वर लिव्हर. प्रत्येकीत दहा लाखांच्या घरात बारीक गाळण्या. दोघींनी मिळून दिवसाला १८० लिटर पाणी रक्तातून गाळायचं आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं अंगाला परत करायचं. रक्तदाब सांभाळायचा, नवं रक्त तयार व्हायला सांगावा धाडायचा, हेही त्याच करतात. खाली दोन नळ्या, वितीपेक्षा थोड्या लांब, मग पिशवी, मग बाहेरची वाट. बाईची ही वाट जेमतेम ४ सेंटीमीटर आणि शौचाच्या जागेला लागून. पुरुषाची चार-पाच पट लांब. "तुम्ही अस्वच्छ आहात म्हणून झालं नाही हे. बाईची रचनाच अशी आहे," म्हणालात. सिस्टर, मी तोंड फिरवून रडले ते दुखत होतं म्हणून नव्हे.

दोन दिवसांनी कल्चरमध्ये ई. कोलाय निघाला, आपल्याच आतड्यात राहणारा जंतू. पिशवीतून नळीनं वर चढून उजव्या किडनीत पोचला होता. पुढच्या गोळ्या मी शेवटची संपेपर्यंत घेतल्या. कंबरेसाठी रोज घेत होते ती दुखण्याची गोळी किडनीला बाधते म्हणून तुम्ही त्याच दिवशी बंद करवलीत.

तो केसपेपर मी जपून ठेवलाय. त्यावरून बरंच काही झालं. शेजारी कांद्याला बसणारे तात्या पाठीतून जांघेपर्यंत येणाऱ्या कळेनं लोळले, तेव्हा मी त्यांना नळीचं चित्र दाखवलं आणि सोनोग्राफीला पाठवलं. मुतखडाच होता, लहान होता, पडून गेला. मामंजींची धार बारीक झाली होती आणि रात्री चार-चारदा उठायचे. वय झालं म्हणून सोडलं नाही, दाखवलं, प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांची पिशवीखालची ग्रंथी, वाढलेली निघाली. नणंदेला साखर आहे. किडनी खराब होताना बऱ्याचदा दुखत नाही, हे तिला पटवायला मला सहा महिने लागले, पण आता ती रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा कचरा, आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घेते.

आणि बाजारातल्या बाया. एका गुरुवारी मी तुमचा प्रश्न जसाच्या तसा आमच्या ओळीत विचारला. आधी सगळ्या लाजल्या, मग मेथीवाली मावशी म्हणाली, "मी तर सकाळचा चहाबी घेत नाही." नऊजणी होतो, नऊजणींचं तेच. बाजाराच्या मागं एक वहिनी राहतात, त्यांच्या दारी गेलो. त्यांनी परसातला संडास आम्हाला उघडून दिला. आम्ही पाणी भरतो, घासून ठेवतो, आणि त्यांच्या घरची आठवड्याची भाजी आमच्याकडून. एक उठली की शेजारीण तिच्या मालाकडं बघते. दोन-तीन तासांनी मावशीच ओरडते, "चला गं, कुणाची पाळी?" गेल्या श्रावणापासून मला पुन्हा त्रास झालेला नाही.

ग्रामपंचायतीकडं अर्ज दिलाय. त्यात तुमचा हिशेब लिहिलाय, मिनिटाला एक मिली, दहा तास. वाचताना सरपंचबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, मीही सभेच्या दिवशी पाणी पीत नाही.

सिस्टर, नवा घेवडा निघालाय. तुमच्यासाठी दोन किलो निवडून बाजूला काढलाय, किडका एक दाणा नाही. जिथं असाल तिथून एखाद्या गुरुवारी या. तीनच्या आत या, म्हणजे मावशीही भेटेल.

तुमची,
बेड नंबर चार