गुडघ्यातली सुई आणि कूर्चेच्या पेशी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वेचणी-खुरपणीने गुडघे धरलेल्या पेशंटची आपल्या मराठवाड्यातली मागणी ठरलेली: 'एक सुई द्या, उद्या रानात जायचंय.' त्या सुईत स्टेरॉइडसोबत अनेकदा लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारे औषध मिसळलेले असते. बधिरपणा काही तासांत उतरतो. पेशींवरचा परिणाम मात्र तेवढ्यावरच थांबेल असे नाही.

ही औषधे मज्जातंतूतले सोडियमचे मार्ग बंद करतात, म्हणून कळ थांबते. पण ती पेशीच्या आतही शिरतात आणि ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाचे काम बिघडवतात. ऊर्जा कमी पडते, साठ्यातले कॅल्शियम बाहेर सांडते, ऑक्सिजनचे घातक रेणू वाढतात. ताण झेपला नाही की सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर सुटते आणि पेशी स्वतःलाच संपवते. स्नायूंचे तंतूही ब्युपिव्हाकेनने मरतात, पण ते काही आठवड्यांत पुन्हा उगवतात. कूर्चा, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेले गुळगुळीत आवरण, तशी भरून येत नाही.

घोळ होतो तो हिशोबात. ६० किलोच्या माणसाला साध्या, म्हणजे अ‍ॅड्रेनालिन न मिसळलेल्या, लिग्नोकेनची कमाल मर्यादा किलोमागे ४.५ मि.ग्रॅ., म्हणजे २७० मि.ग्रॅ. दोन टक्क्यांचे १० मिली म्हणजे २०० मि.ग्रॅ.; हृदय-मेंदूच्या दृष्टीने मर्यादेत. पण कूर्चेला वजनाशी काय देणेघेणे? तिला भिडते ती मिलीमागे २० मि.ग्रॅ.ची तीव्रता, आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसल्याने औषध वाहून जायलाही वेळ लागतो. तीव्रता आणि संपर्काचा वेळ, नुकसान या दोन्हींवर ठरते.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००९ मध्ये इशारा दिला तो यामुळेच: शस्त्रक्रियेनंतर ४८ ते ७२ तास पंपाने सांध्यात बधिरीकरणाचे औषध सोडलेल्या ३५ रुग्णांची कूर्चा विरघळली होती, बहुतेकांचा खांदा. एक सुई म्हणजे पंप नव्हे, हे मान्य. पण आधीच झिजलेल्या गुडघ्यात तीच सुई पुन्हा पुन्हा का?

बधिर करायचेच तर सुईच्या वाटेवर, कातडीखाली १ टक्का लिग्नोकेन १-२ मिली पुरते. सांध्यात शक्यतो स्टेरॉइड एकटेच जावे. तिथेही बधिरीकरण हवेच असेल, तर ब्युपिव्हाकेनपेक्षा कमी तीव्रतेचे रोपिव्हाकेन बरे. प्रयोगशाळेत ते कूर्चेच्या पेशींना कमी मारक दिसले आहे. आणि पेशंटच्या कागदावर नुसते 'गुडघ्यात इंजेक्शन' न लिहिता औषध, टक्केवारी, मिली आणि तारीख लिहावी. पुढच्या गावच्या डॉक्टरला तेवढ्यावरच ठरवता येते की आता सुई द्यायची की नाही.

आपला,
एक भूलतज्ज्ञ, लातूर